लाँग रेंज रायफल हंटिंगचा कोर्स कोणी केलाय का? कोलोराडो, एल्कसाठी

पायवाट_८०

नमस्कार मंडळी. विषय जरा वेगळा आहे, इथे कितपत चालेल माहीत नाही, पण मराठीत विचारायला दुसरी जागा नाही म्हणून टाकतोय. मी डेन्व्हरजवळ राहतो, बारा वर्षं झाली, मूळचा साताऱ्याकडचा. ऑफिसातल्या एका मित्राच्या नादाने तीन वर्षांपूर्वी हंटर एज्युकेशनचं कार्ड काढलं, मग ६.५ क्रीडमूर रायफल घेतली, दोन सीझन नुसते डोंगर चढून रिकाम्या हाताने घरी आलो, त्याचं काही वाटलं नाही, फिरणं तर झालं.

गेल्या नोव्हेंबरात तिसऱ्या रायफल सीझनला मादी एल्कचा टॅग (एक जनावर मारायचा परवाना) होता. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ समजा.) संध्याकाळी समोरच्या उतारावर सात-आठ जणींचा कळप चरायला निघाला. रेंजफाइंडरने ४१० यार्ड दाखवलं. रेंजवर मी ४०० ला स्टीलची प्लेट दहातल्या नऊ वेळा वाजवायचो त्यामुळे वाटलं जमेल. सॅकवर रायफल टेकवली, अंतराप्रमाणे स्कोपची चकती फिरवली, श्वास सोडला, मारली. लागली, पण मागे, पोटात. आम्ही बसलो होतो तिथे वाऱ्याचं नाव नव्हतं पण मधल्या दरीत असणार, नंतर दुर्बिणीतून बघितलं तर पलीकडचं गवत आडवं होत होतं. रक्ताचा माग अर्धा मैल काढला, अ‍ॅस्पेनच्या रानात सुटला, अंधार पडला आणि रात्री बर्फ. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दोघांनी रान पालथं घातलं. नाही सापडली. सीझनचे दोन दिवस बाकी होते पण मी टॅग वापरला असंच धरलं आणि घरी आलो.

घरी आठ दिवस धड जेवलो नाही. बायको म्हणाली एकतर हे सोड नाहीतर नीट शीक, हे अर्धवट नको.

तर प्रश्न असा की लाँग रेंज हंटिंगचे जे कोर्स असतात ते खरंच उपयोगाचे आहेत का? जाहिराती बघितल्या तर जो तो 'पहिल्याच दिवशी १००० यार्ड' म्हणतोय. काही दोन दिवसांचे आहेत, काही राहण्याखाण्यासकट चार दिवसांचे, आणि त्यांची फी बघून माझं डोकं फिरलं. मला १००० नकोय. मला ४०० ला खात्री हवीय, बस. कोणी केला असेल तर काय बघून निवडला ते सांगा.

वऱ्हाडी_काका

पहिले तर तुझं कौतुक की तू हे लिहिलंस. माग सुटलेलं जनावर प्रत्येकाच्या नावावर असते, सांगत कोणी नाही. माझ्या नावावर एक हरीण आहे, २००९ चं, अजून आठवते.

मी दोन कोर्स केले. पहिल्याचं नाव घेत नाही, कारण चांगलं काही सांगायचं नाही त्याबद्दल. दोन दिवस सिमेंटच्या बाकड्यावर बसवून ठेवलं, रायफल त्यांची, स्कोप त्यांचा, वारा सांगणारा माणूस बाजूला त्यांचाच, "डावीकडे दीड धर" म्हणाला की धरायचं, ट्रिगर दाबायचा, टण्ण. मी खूश. त्याच हप्त्यात न्यू मेक्सिकोत रॅटनच्या व्हिटिंग्टन सेंटरला गेलो, डेन्व्हरहून साडेतीन तास, तिथे ११२३ यार्डांवर लोखंडाचा पांढरा बायसन उभा केलेला आहे, तोही तिसऱ्या गोळीत वाजवला. घरी येऊन पोराला फोटो दाखवले, बाप काय आहे बघ म्हटलं. मग ऑक्टोबरात डोंगरावर गेलो, धापा टाकत, गुडघ्यावर बसून, २८० यार्डांवर उभं असलेलं म्यूल डियर. साफ चुकवलं. अकराशेला बायसन आणि २८० ला हवा!

तेव्हा कुठे ट्यूब पेटली की मी शिकलो ते बाकड्यावरून मारायला. बायसन गोठ्याएवढा असते आणि तो तिथून हलत नाही. एल्कचं काळीज-फुप्फुस म्हणजे पुरणपोळीच्या ताटाएवढी जागा आणि ती चालते. हिशोब कर, तुझी क्रीडमूरची गोळी ५०० यार्ड जायला अर्ध्या सेकंदाहून जास्त घेते. तेवढ्यात जनावराने एक पाऊल टाकलं की काळजावर धरलेला नेम पोटावर गेला, आणि यात वारा अजून धरलाच नाही.

दुसरा कोर्स केला तो डोंगरावरचा, वेगळ्या माणसाकडे. पहिल्या दिवशी सकाळी चहासुद्धा नाही, गाडीतून उतरवलं, दोनशे फूट चढवलं, आणि म्हणाला तो तिकडे सांबर... म्हणजे एल्कचं कटआउट आहे, तीस सेकंद, एक गोळी. तीच गोळी वहीत लिहिली. रोज सकाळी हेच, थंड नळी (म्हणजे आधी एकही गोळी न सुटलेली), पहिली गोळी, वहीत. दिवसभर शंभर राउंड मारले त्याची किंमत शून्य. शिकारीत दुसरी गोळी नसते म्हणायचा, गरम झालेल्या नळीतून आणि गरम झालेल्या डोक्यातून तिसरी गोळी कोणीही मारते. चार सकाळच्या चार गोळ्यांत माझ्या दोन बरोबर लागल्या. दोन! त्याने वहीत लिहून दिलं की माझं अंतर ३०० यार्ड, वारा असला तर २५०. लई राग आला होता, एवढे पैसे देऊन माझं अंतर कमी करून आणलं. पण त्यानंतर सहा सीझनमध्ये पाच एल्क घरी आणलेत आणि एकालाही माग काढायला शंभर पावलांवर जावं लागलं नाही.

तर फोन करून हे विचार. बाकड्यावरून किती आणि उतारावरून, झाडाला टेकून, सॅकवरून, ट्रायपॉडवरून किती. रायफल माझी की तुमची. वारा मी वाचायचा की तुमचा माणूस. पहिली थंड गोळी मोजता का. समोरचा १००० यार्डांचंच गाणं गात बसला तर फोन ठेव.

पंचगंगा

काकांनी भारी लिहिलंय. मी शिकारी नाही, एकदाही गेलो नाही आणि जाणारही नाही बहुतेक, पण कोल्हापूरला कॉलेजात असताना पाच-सहा वर्षं रायफल शूटिंग केलंय, आधी १० मीटर एअर, मग ५० मीटर थ्री पोझिशन, आता ह्यूस्टनला असतो. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये याच ५० मीटर थ्री पोझिशनला ब्राँझ आणलं तेव्हा इथे पहाटे उठून एकटाच ओरडत होतो, शेजारचा टेक्सन विचारायला आला काय झालं म्हणून.

भावा, तुझा प्रॉब्लेम ४०० यार्डांचा नाहीच. थ्री पोझिशन म्हणजे काय, गुडघ्यावर, पोटावर झोपून आणि उभं राहून. ५० मीटरवर पॉइंट २२ ची (लहान गोळीची) रायफल घेऊन उभ्याने जो दहा गुणांच्या वर्तुळात राहतो त्याला नळी कुठे हलतेय ते कळतं. आमचे सर सहा महिने गोळी देत नव्हते, नुसतं रिकामं ट्रिगर, भिंतीवर काळा ठिपका, रोज अर्धा तास. कंटाळा यायचा, शिव्या घालायचो मनात. पण ट्रिगर दाबताना नळीचं टोक किंचित जरी हललं तर रिकाम्यात दिसतं, गोळी असताना धक्क्यात झाकून जातं. हे फुकट आहे, घरी हॉलमध्ये कर, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून, दोनदा तपासून.

आणि एक पॉइंट २२ बोल्ट अ‍ॅक्शन घे. १०० यार्डांवर २२ ची गोळी वाऱ्याने चार-पाच इंच सहज जाते, ती क्रीडमूर ३०० ला जाते साधारण तेवढीच. म्हणजे वारा शिकायला महागाच्या गोळ्या जाळायची गरज नाही, १०० यार्डांचं साधं रेंज पुरतं, दहा-दहा पैशांच्या गोळ्यात सगळं कळतं.

महागड्या कोर्सच्या आधी प्रोजेक्ट अ‍ॅपलसीड कर. शनिवार-रविवार असतो, स्वयंसेवक शिकवतात, देशभर होतो, फी अगदी किरकोळ. सगळं २५ मीटरवर, लहान लहान आकृत्या छापलेल्या असतात कागदावर, १०० ते ४०० यार्डांवर माणूस जेवढा दिसेल तेवढ्या. उभं, बसून, झोपून, टायमर लावून. २५० पैकी २१० आले की रायफलमॅनचा बिल्ला देतात. मी जरा कॉलर ताठ करून गेलो होतो, पहिल्या दिवशी १९४. शेजारी तेरा वर्षांची पोरगी होती, तिला बिल्ला मिळाला. मधेमधे अमेरिकन क्रांतीच्या गोष्टी सांगतात, तेवढ्या वेळात डबा खाऊन घ्यायचा.

कदंब

वाचवत नाही हे. निष्पाप जनावराला अर्धा किलोमीटरवरून मारायला कोर्स? ज्या मातीत आपण वाढलो तिथे १९७२ च्या कायद्याने शिकारीवर बंदी आहे, आणि इथे लोक फी भरून शिकताहेत. रागावू नका, पण मला हे मराठी माणसाकडून वाचायला विचित्र वाटतं.

वऱ्हाडी_काका

रागवत नाही. तुमचं म्हणणं मला माझ्या बहिणीकडून दर दिवाळीला फोनवर ऐकायला मिळते. पण माझं गाव अकोल्याकडे, तिथे रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर एका रात्रीत हरभरा साफ करतात, त्यासाठी वनखात्याची परवानगी काढायची तरतूद आपल्याकडेही आहे, तर अगदीच एकरंगी चित्र नाही. आणि १९७२ चा कायदा हवाच होता, आपल्याकडे राजेरजवाड्यांनी आणि साहेबांनी काही ठेवलं नव्हतं.

कोलोराडोची गोष्ट उलटी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथेही मारून मारून एल्क संपत आले होते, वायोमिंगहून रेल्वेने आणून सोडले. आज अडीच लाखांच्या वर आहेत. १९३७ च्या कायद्यानुसार इथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक रायफलवर आणि गोळीवर ११ टक्के कर लागते आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जाते, टॅगचे पैसे वेगळे. किती मारायचे, नर की मादी, कोणत्या भागात, सगळं खातं ठरवते. मांस रानात टाकून आलं तर गुन्हा. माझ्या फ्रीजरमध्ये आत्ता जे आहे ते वर्षभर दुसरं मटण आणू देत नाही, बायको त्याचा सावजी करते.

पण लांबून मारण्याबद्दल तुम्ही जे म्हणता त्यात दम आहे, हे मी मान्य करतो. इथलेच जुने शिकारी तेच म्हणतात. बून अँड क्रॉकेट क्लब, थिओडोर रूझवेल्टने १८८७ मध्ये काढलेला शिकाऱ्यांचा क्लब, त्यांचीही भूमिका हीच की जनावराला तुमचा पत्ताच लागणार नाही इतक्या लांबून मारणं ही शिकार नव्हे. मी तरी ३०० च्या पुढे गेलो नाही.

नवा_गडी

मस्त धागा. मी पण डेन्व्हरलाच आहे, एच वन बी व्हिसावर. माझ्याकडे रायफल नाही, लायसन्स वगैरे काही नाही, पण @पायवाट_८० दादा तुम्ही कोर्सला गेलात तर मी पण येऊ का? ते रायफल भाड्याने देतात ना?

पंचगंगा

थांब थांब थांब. एच वन वर असशील तर भाड्याची रायफल हातातसुद्धा घेऊ नको. फेडरल कायद्यात नॉन इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक आणि गोळी दोन्ही बाळगायला मनाई आहे, आणि रेंजवर दहा मिनिटं हातात धरणं म्हणजेसुद्धा बाळगणं. बऱ्याच देशी पोरांना हे माहीत नसतं, बॅचलर पार्टीला रेंजवर जातात आणि फोटो टाकतात इन्स्टावर. ग्रीन कार्ड रखडलेलं असताना ही अक्कल कशाला हवीय.

पळवाट नाही, पण कायद्यातच एक सूट आहे. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन्स तुझ्या नावावर असलं तर चालतं. फिशिंगचं नाही, हंटिंगचंच. आणि चालू, म्हणजे मुदत संपली की सूटही संपली त्याच दिवशी. जोडीदाराच्या एच फोर ला पण हेच. कोलोराडोत लायसन्ससाठी आधी हंटर एज्युकेशन करावं लागेल, १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या सगळ्यांना. तो क्लास कर आधी, तसाही कामाचा आहे, मात्र त्यात प्रत्यक्ष गोळी मारायचा भाग असला तर नाव नोंदवतानाच व्हिसाचं सांग त्यांना. एवढं करून तुझ्या इमिग्रेशन वकिलालाही एक मेल टाक, माझ्यावर विसंबू नको, मी इंजिनियर आहे.

नवा_गडी

बापरे. मागच्या वर्षी लास व्हेगासला... असो. थँक्यू दादा, फोटो काढून टाकतो.

मीठभाकर

बाकी सगळ्यांनी छान सांगितलंय, मी फक्त दोन-तीन गोष्टी सांगते. मी मोंटानात आहे, नवरा इथलाच, त्यामुळे शिकार घरातलीच आहे, माझी उंची पाच फूट एक इंच. टेक्सासात बार्क्सडेलला एफटीडब्ल्यू रँच आहे, त्यांचा सॅम नावाचा कोर्स आम्ही दोघांनी केला. महाग आहे, खोटं कशाला बोलू, लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाचं निमित्त काढून केला. पण तिथे दऱ्या-टेकड्यांवर टार्गेट मांडलेली आहेत आणि दिवसभर खालून वर, वरून खाली मारायला लावतात. मला पहिल्यांदा कळलं ते तिरक्या अंतराचं. रेंजफाइंडर ४०० सांगतो पण तुम्ही तीस अंश खाली मारताय तर गोळीच्या दृष्टीने ते ३४५ च्या आसपासच आहे, ४०० चं फिरवलंत तर पाठीवरून जाणार. आता बरेच रेंजफाइंडर हे स्वतःच सांगतात, पण तुमच्यात ते चालू आहे का बघा, माझ्या नवऱ्याने दोन वर्षं ते बंद ठेवलं होतं आणि दोष मला.

दुसरं, झीरो, म्हणजे स्कोप गोळीशी जुळवणं, कुठे केलंत? मोंटानात घरी ३००० फुटांवर झीरो करून ९००० फुटांवर गेलं की हवा विरळ, गोळी कमी खाली येते. १००-२०० ला काही नाही, ५०० ला फरक दिसतो. तुमच्या क्रीडमूरचं समुद्रसपाटीचं गणित ५०० ला साधारण दहा-साडेदहा एमओए (कोनाचं माप), म्हणजे स्कोपच्या चकतीचे चाळीस-बेचाळीस क्लिक, ते डोंगरात इतके लागणार नाहीत. गोळ्यांच्या डब्यावरचा तक्ता आंधळेपणाने चिकटवू नका, क्रोनोग्राफवर स्वतःच्या नळीतून वेग मोजा. मी केलं तेव्हा डब्यावरच्या आकड्यापेक्षा माझा सेकंदाला ७० फूट कमी निघाला, कारण नळी आखूड.

आणि कोणीतरी म्हणेलच की ३०० विन मॅग (जास्त धक्क्याची मोठी रायफल) घ्या. घेऊ नका. मला नवऱ्याने आधी तीच दिली होती, खांदा निळा झाला आणि ट्रिगर दाबायच्या आधीच डोळे मिटायला लागले, ती सवय जायला वर्ष गेलं.

वाऱ्याचं मात्र कोणताही कोर्स दोन दिवसांत शिकवू शकत नाही असं माझं मत झालंय. १० मैल आडवा वारा तुमची गोळी ३०० ला पाचेक इंच नेतो आणि ५०० ला सव्वाएक फूट, म्हणजे अंतर दुप्पटही झालं नाही आणि वाऱ्याने तिप्पट नेलं. त्यात वारा तुमच्या गालाला लागतो तो वेगळा, दरीतला वेगळा, जनावरापाशी वेगळा. तुमच्याबरोबर तेच झालं. मी आता दहा मिनिटं दुर्बिणीतून नुसतं गवत बघते, जनावर थांबलंच तर ठीक.

वऱ्हाडी_काका

ताई, दहा मिनिटं गवत बघायची शिस्त माझ्यात या जन्मी यायची नाही. मी त्यापेक्षा शंभर यार्ड पुढे सरकतो.

मीठभाकर

हो तर, तेच उत्तम. सरकता येत असेल तर नेहमी सरकावंच. तिथल्या शिक्षकानेही पहिल्या रात्री जेवताना हेच सांगितलं होतं आणि आम्ही सगळे हसलो, एवढी फी घेऊन हा सांगतोय जवळ जा.

पायवाट_८०

सगळ्यांचे मनापासून आभार. कदंब, तुमचं वाईट वाटलं नाही, त्या आठ दिवसांत मी स्वतःला तेच विचारत होतो.

काल रात्री काकांच्या यादीने तीन ठिकाणी फोन केले. पहिल्याने थंड गोळीचा प्रश्न ऐकून विचारलं "म्हणजे काय?". दुसऱ्याने सगळी उत्तरं नीट दिली, पण जागा थेट ऑगस्टात. तिसऱ्याने आधी मलाच विचारलं की तू चढून आल्यावर, धाप लागलेली असताना, बसून २०० यार्डांवर पाचपैकी किती मारतोस. मी कधी मोजलंच नव्हतं. तो म्हणाला आधी मोजून ये, मग पैसे घेतो.

म्हणून आज सकाळी पॉनी ग्रासलँडच्या रेंजवर गेलो. गाडीपासून पळत जाऊन परत आलो, बसलो, सॅक मांडीवर, २०० यार्ड, पेपर प्लेट. पाचपैकी दोन. चौथ्या गोळीला तर प्लेटच काय, मागचा पुठ्ठाही चुकवला.

अ‍ॅपलसीडला नाव घातलंय, जूनमध्ये. पॉइंट २२ बघतोय, सेकंडहँड कोणाकडे असेल तर सांगा. हॉलमधल्या भिंतीवर काळा ठिपका लावलाय, मुलगी विचारते बाबा हा कशाला, तिला सांगितलं नजर लागू नये म्हणून.